गेम नक्की येणार कधी? तारखा, लीक आणि चाहत्यांचे अंदाज

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २१ जानेवारी २०२६ रोजी सहा गेम एकदम रद्द केले. त्यातल्या पाच गेमची नावंही बाहेर कोणाला सांगितली गेली नव्हती, त्यामुळे त्यांच्यासाठी हळहळणारं फारसं कोणी नव्हतं. सहावा गेम मात्र ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक होता, म्हणजे २००३ मधल्या एका लाडक्या गेमची नव्याने बांधलेली आवृत्ती. पाच वर्षांहून जास्त काळ लोक त्याची वाट बघत होते. नवं वर्ष उजाडल्यापासून तर ‘आता आलाच’ अशी कुजबुज सुरू होती, कारण २०२६ हे वर्ष खुद्द कंपनीनेच सांगितलं होतं.

आपल्याकडच्या चाहत्यांना ही बातमी आणखी एका कारणाने लागली. हा रीमेक सुरुवातीला पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंनी हाती घेतला होता.

जो गेम खेळत नाही त्याला हा सगळा प्रकार कोड्यात टाकणारा वाटतो. कंपनी तारीख सांगते, मग मोडते. ट्रेलर येतो, मग वर्षानुवर्षं शांतता. त्या शांततेत चाहते चंद्राच्या कला मोजतात, केकच्या फोटोवरून तारखा काढतात. हे वेडेपण आहे असं मला अजिबात वाटत नाही. माहितीचा दुष्काळ पडला की माणूस मिळेल त्या खुणेवरून अर्थ लावतो. फक्त कोणत्या खुणेला किती वजन द्यायचं हे कळलं पाहिजे, आणि ते कळण्यासाठी गेम बनतो कसा आणि विकला जातो कसा, हे थोडं समजून घ्यावं लागतं.

आधी थोडी शब्दांची ओळख

स्टुडिओ म्हणजे गेम प्रत्यक्ष बनवणारी माणसं. प्रकाशक म्हणजे पैसा घालणारी, जाहिरात करणारी आणि विकणारी कंपनी. ‘जीटीए’ म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ ही गेममालिका बनवणारा रॉकस्टार हा स्टुडिओ, आणि त्याची मालक असलेली टेक-टू ही शेअर बाजारात नोंदलेली अमेरिकन प्रकाशक कंपनी. युबिसॉफ्टमध्ये दोन्ही कामं एकाच घरात चालतात. रिलीज विंडो म्हणजे नेमका दिवस न सांगता दिलेला काळ, उदाहरणार्थ ‘२०२५ मध्ये’. आणि लीक म्हणजे कंपनीच्या परवानगीशिवाय फुटलेली माहिती. एवढ्या शब्दांवर पुढचं सगळं समजेल.

गेम बनताना घोडं अडतं कुठे?

ढोबळमानाने कामाचे तीन टप्पे असतात. आधी कल्पना आणि चाचपणी, मग प्रत्यक्ष उभारणी, आणि शेवटी सगळं जोडून चुका काढणं. उशीर दिसतो तो शेवटच्या टप्प्यात, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यात असतं.

‘सँड्स ऑफ टाइम’चंच उदाहरण घ्या. यातला राजपुत्र भिंतीवरून धावतो, आणि चुकून दरीत पडला तर खेळणारा काही सेकंद काळ मागे फिरवून त्याला पुन्हा कड्यावर आणू शकतो. खेळताना हे सहज वाटतं. आता समजा, चाचणीत लक्षात आलं की भिंतीवरची धाव जरा तोकडी पडते, ती अर्ध्या मीटरने वाढवू या. म्हणजे गेममधल्या प्रत्येक महालातली प्रत्येक दरी पुन्हा मोजायची. जिथे आधी उडी कठीण होती तिथे ती आता पोरखेळ होते, म्हणून ती जागा बदलायची. जागा बदलली की कॅमेऱ्याचा कोन बदलतो, शत्रू उभे राहण्याची ठिकाणं बदलतात, राजपुत्राच्या पायांची हालचाल नव्याने करावी लागते. त्यात काळ मागे फिरवायचा म्हणजे त्या काही सेकंदांत काय काय हललं, कोण मेलं, कोणता खांब कोसळला, या सगळ्याची नोंद संगणकाने ठेवलेली असावी लागते, आणि ती उलट क्रमाने तंतोतंत दाखवावी लागते. नवीन कोसळणारा खांब ठेवला आणि त्याची नोंद राहिली, तर राजपुत्र मागे जातो आणि खांब पडलेलाच राहतो.

एका उडीची ही कथा. जीटीएसारख्या गेममध्ये अख्खं शहर असतं, त्यात गाड्या, पाऊस, पोलीस, शेकडो माणसं, आणि प्रत्येकाचा दुसऱ्याशी संबंध. म्हणून ‘नव्वद टक्के काम झालंय’ या वाक्याला गेमच्या धंद्यात फारसा अर्थ नसतो. उरलेल्या दहा टक्क्यांत किती महिने जातील हे स्टुडिओलाही आधी कळत नाही.

गेम पूर्ण झाला की तो सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो या गेमची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांकडे तपासणीला जातो. ती पार पडून विक्रीची मूळ प्रत तयार झाली की ‘गेम गोल्ड झाला’ म्हणतात. पूर्वी याचा अर्थ ‘काम संपलं’ असा होता. आता तोही भरवसा राहिलेला नाही, कारण गोल्ड झाल्यावरही पहिल्या दिवशी डाउनलोड करायच्या दुरुस्त्यांचं काम चालूच असतं. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने ऑक्टोबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ गोल्ड झाल्याचं सांगितलं आणि त्याच महिन्यात तारीख पुन्हा पुढे ढकलली. एप्रिल, सप्टेंबर, नोव्हेंबर असं करत तो अखेर १० डिसेंबरला आला. आला तोही असा की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पुढच्या जूनपर्यंत परत ठेवला नाही.

पण ट्रेलर दाखवला म्हणजे गेम तयार असणारच ना?

ही सगळ्यात मोठी गैरसमजूत. बिल्डरकडे फ्लॅट बघायला गेलेल्या कोणालाही हे चटकन समजेल. ब्रोशरवर झाडी, पोहण्याचा तलाव, निळं आकाश. साइटवर एक सजवलेला सॅम्पल फ्लॅट. बाकीची इमारत अजून खड्ड्यात. सॅम्पल फ्लॅट खोटा नसतो, तिथला नळ चालतो आणि फरशीही खरी असते, पण त्यावरून बाविसाव्या मजल्यावर पाणी कधी चढणार हे कळत नाही. गेमचा ट्रेलर म्हणजे कधी ब्रोशर, कधी सॅम्पल फ्लॅट. अनेकदा ट्रेलरसाठी किंवा प्रदर्शनासाठी गेमचा एकच छोटा तुकडा चकाचक करून घेतलेला असतो, आणि तो बनवण्यासाठी मूळ कामातली माणसं काही आठवडे बाजूला काढलेली असतात.

पुणे-मुंबईच्या रीमेकची गोष्ट इथे सविस्तर सांगण्यासारखी आहे. युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरा उघडला. अनेक वर्षं ही माणसं परदेशी स्टुडिओंच्या गेममध्ये हातभार लावत होती: चाचण्या, जुन्या गेमच्या नव्या यंत्रांवरच्या आवृत्त्या, मोठ्या गेमचे छोटे भाग. सप्टेंबर २०२० मध्ये रीमेकची घोषणा झाली तेव्हा एवढ्या नावाजलेल्या गेमचं नेतृत्व पहिल्यांदाच भारतातल्या स्टुडिओंकडे आलं होतं. तारीखही जवळची होती, २१ जानेवारी २०२१. म्हणजे घोषणेपासून जेमतेम चार महिने.

ट्रेलर आला आणि टीकेची झोड उठली. चेहरे निर्जीव आहेत, प्रकाश जुनाट आहे, हा दहा वर्षांपूर्वीचा गेम वाटतो, असं लोक म्हणू लागले. त्यातली काही टीका रास्त होती. पण ‘भारतात दिलं म्हणजे असंच होणार’ हा सूरही त्यात मिसळला, आणि तो अन्यायाचा होता. कोणत्या कामाला किती पैसा, किती वेळ आणि किती अनुभवी माणसं द्यायची हे पुण्यात ठरत नव्हतं. चार महिन्यांवर आलेली तारीखही एकट्या पुण्याने ठरवलेली नसणार.

पुढे तारीख १८ मार्च २०२१ झाली. मग फेब्रुवारीत ‘अनिश्चित काळासाठी पुढे’. मग ‘२०२२ मध्ये’. मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे गेलं, जिथे २००३ चा मूळ गेम बनला होता. आगाऊ नोंदणीचे पैसे परत करण्याची वेळ आली. वर्षभराने कंपनीने सांगितलं की काम अगदी सुरुवातीच्या टप्प्यात आहे, म्हणजे आधीचं बरंचसं बाजूला ठेवून नव्याने आखणी चालली होती. जून २०२४ मध्ये एक छोटीशी झलक आली: अंधार, एक मेणबत्ती आणि २०२६ हे वर्ष. गेमचं एकही दृश्य नाही.

त्या मेणबत्तीवर लोकांनी दीड वर्ष काढलं. झलक आली म्हणजे काम जोरात आहे, असा अर्थ लावला गेला. खरं तर जे दाखवलं नव्हतं त्याकडे बघायला हवं होतं. दीड-दोन वर्षांवर आलेल्या गेमचा एक सेकंदही दाखवण्याजोगा नसेल, तर ती ब्रोशरच्याही आधीची पाटी होती, ‘येथे लवकरच’ एवढंच सांगणारी. अपेक्षित दर्जा गाठता आला नाही आणि तो गाठायला लागणारा वेळ आणि पैसा परवडणारा नाही, असं गेम रद्द करताना सांगण्यात आलं. त्याच महिन्यात कॅनडातला हॅलिफॅक्स आणि स्वीडनमधला स्टॉकहोम हे स्टुडिओ बंद करण्याचंही जाहीर झालं. कंपनीचा शेअर दुसऱ्या दिवशी एक तृतीयांशाहून जास्त कोसळला.

चाहते अंदाज बांधतात तरी कशावरून?

जे हाती लागेल त्यावरून. ‘जीटीए ६’चा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि यूट्यूबवर चोवीस तासांत नऊ कोटींच्या वर बघितला गेला. मग दुसऱ्या ट्रेलरची प्रतीक्षा सुरू झाली, ती दीड वर्ष चालली. या काळात रॉकस्टारने जीटीए ऑनलाइनसाठी, म्हणजे मालिकेतल्या इंटरनेटवर खेळायच्या गेमसाठी, टाकलेल्या चित्रांमध्ये चंद्र दिसला की चाहते त्याची कला आकाशातल्या चंद्राशी जुळवून बघायचे आणि ट्रेलरची तारीख जाहीर करायचे. दर वेळी तारीख उलटली की नवा चंद्र. अखेर ६ मे २०२५ ला, एका साध्या मंगळवारी, काहीही पूर्वसूचना न देता ट्रेलर आला.

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये टीम चेरी नावाचा अगदी छोटा स्टुडिओ आहे. त्यांच्या ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ची घोषणा फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली. त्यानंतर वर्षानुवर्षं जवळपास मौन. जानेवारी २०२५ मध्ये बनवणाऱ्यांपैकी एकाने आपला प्रोफाइल फोटो बदलून केक लावला, आणि त्या केकची पाककृती शोधून तिच्यातून संकेत काढण्यापर्यंत मजल गेली. त्यात काही दडलेलं नाही, हे शेवटी त्यांच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्याला सांगावं लागलं. गेम आला ४ सप्टेंबर २०२५ ला, तारीख सांगितली त्याच्या फक्त दोन आठवडे आधी. इतक्या लोकांनी एकदम धाव घेतली की बड्या ऑनलाइन दुकानांचे सर्व्हर काही काळ कोलमडले.

या दोन्ही प्रकरणांत चाहत्यांचं निरीक्षण अफाट होतं. चूक निरीक्षणात नव्हती. ज्या वस्तूत माहिती नव्हतीच तिच्यातून ती काढायचा प्रयत्न होता, एवढंच. त्यापेक्षा भक्कम खुणा असतात. वेगवेगळ्या देशांतली वयोगट ठरवणारी मंडळं विक्रीच्या आधी गेम तपासतात, आणि त्यांच्या यादीत नाव झळकलं तर गेम बऱ्यापैकी पूर्ण झाल्याचं समजायला हरकत नसते. नोकरीच्या जाहिरातीही बोलतात: स्टुडिओ अजून कथा लिहिणारी माणसं शोधत असेल तर मुक्काम लांब आहे.

चुकलं तर कोणाचं काय जाणार?

कोणतीही तारीख कानावर आली की मी हा एकच प्रश्न विचारते. सांगणाऱ्याचा अंदाज चुकला तर त्याला काही किंमत मोजावी लागते का?

यूट्यूबवर ‘पक्की खबर’ देणाऱ्याला लागत नाही. तारीख चुकली तर तो ‘कंपनीने ऐन वेळी बदलली’ म्हणून आणखी एक व्हिडिओ करतो. एखाद्या पात्राला आवाज देणारा कलाकार मुलाखतीत काही सूचक बोलला, तर त्याला स्वतःच्या रेकॉर्डिंगपलीकडचं वेळापत्रक ठाऊक असेलच असं नाही. पण शेअर बाजारात नोंदलेली कंपनी दर तिमाहीला गुंतवणूकदारांना जे सांगते, ते चुकलं तर शेअर पडतो, मोठ्या साहेबांना जाब द्यावा लागतो, प्रसंगी कोर्टकचेऱ्या होतात. बिल्डरच्या गोष्टीत ब्रोशर आणि महारेराच्या संकेतस्थळावर नोंदवलेली ताब्याची तारीख यांत जो फरक आहे, तोच हा.

इथे आपल्याला एक गोष्ट आयती कळते. युबिसॉफ्ट आणि टेक-टू दोघांचंही आर्थिक वर्ष आपल्यासारखंच १ एप्रिल ते ३१ मार्च असतं. त्यामुळे ‘मार्च एंड’ची धावपळ तिथेही असते. गेम ३० मार्चला विकला तर त्याची कमाई या वर्षाच्या खात्यात, २ एप्रिलला विकला तर पुढच्या. रीमेकसाठी दिलेली १८ मार्च ही तारीख पाहा, वर्ष संपायच्या दोन आठवडे आधी. ‘२०२६ मध्ये’ असं वाचल्यावर ते कॅलेंडरचं वर्ष आहे की आर्थिक, हे आधी बघायचं. नऊ महिन्यांचा गोंधळ तिथेच मिटतो.

तरीही हा आकडा देवाची वाणी नाही. मे २०२३ मध्ये टेक-टूने सांगितलं होतं की एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षात ८ अब्ज डॉलरहून जास्त विक्रीची अपेक्षा आहे. आधीच्या आकड्यांपेक्षा ही झेप इतकी मोठी होती की ‘जीटीए ६’शिवाय ती शक्य नाही, असा निष्कर्ष विश्लेषकांनी आणि चाहत्यांनी काढला. तर्क बिनचूक होता. पण बेतच बदलला. अपेक्षा टप्प्याटप्प्याने खाली आली आणि ते वर्ष साडेपाच अब्जांच्या थोडं वर संपलं. गेमची वेळ आधी २०२५ च्या शेवटच्या महिन्यांवर गेली, मग मे २०२५ मध्ये २६ मे २०२६ जाहीर झाली, मग नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ नोव्हेंबर २०२६. म्हणजे कंपनीचा आर्थिक अंदाज वाचून तिचा त्या दिवशीचा प्रामाणिक बेत कळतो. बेत तडीस जाईल की नाही, हे नाही.

ज्या स्टुडिओचे शेअर नाहीत, गुंतवणूकदार नाहीत, तिथे हा मार्गही बंद. टीम चेरीला कोणालाच तारीख देणं लागत नव्हतं. आधीच्या गेमच्या विक्रीतून पैसा हाती होता आणि काम करण्यात मजा येत होती, म्हणून ते करत राहिले. चाहत्यांनी मौनाचा अर्थ ‘काहीतरी बिनसलंय’ असा लावला, आणि आत सगळं आलबेल होतं.

पण लीक तर खरे निघतात!

निघतात, आणि गंमत अशी की खरा लीकही तारखेच्या बाबतीत साफ चुकू शकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट आणि तिथल्या व्यापार आयोगाच्या खटल्यातली कागदपत्रं चुकून उघडी पडली. त्यात बेथेस्डा या अमेरिकन गेम कंपनीच्या आगामी गेमची २०२० सालची यादी होती, कंपनीच्याच घरातली, अस्सल. तिच्यात ‘ऑब्लिव्हियन’ची नवी आवृत्ती २०२२ च्या आर्थिक वर्षात आणि ‘एल्डर स्क्रोल्स ६’ २०२४ च्या वर्षात दाखवले होते. ‘ऑब्लिव्हियन’ आला एप्रिल २०२५ मध्ये. ‘एल्डर स्क्रोल्स ६’ची पहिली झलक जून २०१८ मध्ये दाखवली होती आणि २०२४ उलटून गेलं तरी तो आला नाही. ‘काय’ बरोबर, ‘कधी’ चूक. लीक झालेला कागद हा कोणत्या तरी जुन्या दिवशीचा बेत असतो, आणि तो किती जुना आहे हे लीक पसरवणारा सांगत नाही.

दुसरा प्रकार अपुऱ्या कामाच्या लीकचा. सप्टेंबर २०२२ मध्ये एका किशोरवयीन हॅकरने ‘जीटीए ६’च्या नव्वदेक चित्रफिती पळवून जगासमोर टाकल्या. त्यात अर्धवट रंगवलेल्या भिंती, चाचणीसाठीचे आकडे, ओबडधोबड आकृत्या होत्या. ‘एवढ्या वर्षांत हे केलं?’ अशी टीका सुरू झाली. तेव्हा इतर स्टुडिओंतल्या लोकांनी आपापल्या गाजलेल्या गेमच्या कच्च्या अवस्थेतल्या चित्रफिती स्वतःहून टाकल्या, रॉकस्टारच्या माणसांच्या पाठीशी उभं राहण्यासाठी. त्या मुद्दाम शोधून बघण्यासारख्या आहेत. ठोकळ्यांच्या रांगेतून धावणारी एक राखाडी आकृती, आणि दोन वर्षांनी तीच जागा डोळ्यांचं पारणं फेडते.

मग कंपनी सरळ सांगून का टाकत नाही?

काही कारणं धंद्याची आहेत. नोंदलेल्या कंपनीला शेअरच्या भावावर परिणाम करणारी बातमी मूठभर चाहत्यांच्या कानात सांगता येत नाही, ती सगळ्यांना एकाच वेळी द्यावी लागते. जाहिरातीचे करार, दुकानांतल्या जागा, प्रतिस्पर्ध्यांच्या तारखा, हे सगळं एका दिवसाभोवती फिरतं. ‘जीटीए ६’च्या तारखेपासून चार हात लांब राहायचं म्हणून इतर प्रकाशक आपली वेळापत्रकं राखून ठेवतात, हे काही गुपित नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते माणसांचं कारण. एकदा जाहीर केलेली तारीख पाळायची तर शेवटी कोणीतरी रात्री जागतं. या धंद्यात त्याला क्रंच म्हणतात: महिनोन्‌महिने जादा तास, सुट्टीचे दिवसही कामाचे. ‘सायबरपंक’च्या वेळी सक्तीचं क्रंच टाळू म्हणून सांगितलेल्या कंपनीने शेवटी सहा दिवसांचा आठवडा लावला, आणि एवढं करूनही गेम मोडक्या अवस्थेत आला. तारीख पुढे ढकलली की चाहते चिडतात, शिव्या घालतात. मला मात्र ‘आणखी वेळ हवा’ हे वाक्य ऐकलं की पहिल्यांदा त्या इमारतीतल्या लोकांना थोडा श्वास मिळाला असेल असं वाटतं. तेवढ्या वेळात क्रंच आणखी लांबत नसेल, एवढीच आशा.

माणसं वाढवली तर लवकर होणार नाही का?

नाही. उलट उशीर वाढतो. नव्या माणसाला समजावून सांगायला जुन्या माणसाचाच वेळ जातो, आणि वर सांगितलेली अर्ध्या मीटरची उडी आता पन्नास जणांऐवजी दीडशे जणांना कळवावी लागते. युबिसॉफ्टकडे जगभर हजारो कर्मचारी आहेत. तरीही ‘स्कल अँड बोन्स’ २०१७ ला दाखवून २०२४ ला आला, आणि ‘बियाँड गुड अँड इव्हिल २’ची पहिली झलक २००८ मध्ये, दुसरा गाजावाजा २०१७ मध्ये होऊनही गेमचा पत्ता नाही. तीन-चार जणांच्या टीम चेरीलाही साडेसहा वर्षं लागली. माणसांच्या संख्येवरून तारखेचा अंदाज बांधता येत नाही.

तर मग प्री-ऑर्डर करायची का?

बाजारात तुरी असताना भांडण करू नये म्हणतात, पण इथे तर तुरीचे पैसे आधीच मोजायची सोय केलेली असते. पूर्वी डब्यातली सीडी संपून जायची, म्हणून आगाऊ नोंदणीला अर्थ होता. डाउनलोड होणारा गेम कधीच संपत नाही. आगाऊ पैसे भरून मिळते ती एखादी जादा पोशाखाची जोडी किंवा दोन दिवस आधी खेळायची मुभा, आणि बदल्यात तुम्ही न बघितलेल्या वस्तूवर शिक्का मारता.

तरीही करायचीच असेल तर दुकानाचे नियम वाचा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम येण्याआधी केव्हाही पैसे परत मागता येतात, आणि आल्यावर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर. हा अवधी प्री-ऑर्डरसाठी गेम आल्या दिवसापासून मोजला जातो. इतर दुकानांचे नियम याहून कडक असू शकतात, विशेषतः डाउनलोड सुरू केल्यानंतर.

आपल्याकडे पीसीवर खेळणारे खूप, त्यांनी आणखी एक बघावं: गेम कोणत्या यंत्रासाठी जाहीर झालाय? ‘जीटीए ६’ची घोषणा प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी झाली, पीसीचं नाव त्यात नव्हतं. ‘जीटीए ५’ सप्टेंबर २०१३ मध्ये कन्सोलवर, म्हणजे प्लेस्टेशनसारख्या खास गेमच्या यंत्रांवर आला, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ला पीसीवर यायला कन्सोलनंतर वर्ष लागलं. घोषणेत नसलेल्या आवृत्तीची ‘आगाऊ नोंदणी’ कोणी विकत असेल तर ती फसवणूक समजा.

आणि परीक्षणं वाचताना ती कोणत्या यंत्रावर खेळून लिहिलीत ते तपासा. ‘सायबरपंक’ विक्रीला येण्याआधी परीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती. तिथे तो चांगला चालत होता, गुणही भरघोस मिळाले. जुन्या प्लेस्टेशन ४ वर तो कसा रखडतो हे लोकांना पैसे भरल्यावर कळलं. तुमच्याकडे जे यंत्र आहे त्याच्यावरचं एक तरी परीक्षण येईपर्यंत थांबलात, तर फार तर दोन-तीन दिवस जातील.